सुरखानदर्यासाठी नऊ दिवस

उझबेकिस्तानला जायचे ठरल्यावर ज्या ज्या प्रवासी कंपनीकडे चौकशी केली, तिथून एकच साचा हाती आला: ताश्कंद, समरकंद, बुखारा आणि जमल्यास खिवा. आम्हाला मात्र देशाच्या दक्षिण टोकाला, अमूदर्या नदीच्या काठी, अफगाणिस्तानच्या समोर असलेल्या सुरखानदर्या प्रांतात जायचे होते. ‘तिकडे पाहण्यासारखे काही नाही,’ असे एका ठिकाणी ऐकून घेतल्यावर आखणी आपणच करायची, असे मी आणि ताईने ठरवून टाकले.

या हट्टाचे मूळ नाशिकमध्ये आहे. पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त स्वतःला ‘ओतराह’ म्हणजे उत्तरेकडचा योनक (यवन, ग्रीक) म्हणवून घेतो. तो नेमका अमूदर्येच्या काठचा होता, असे मी मुळीच म्हणत नाही. पण उत्तरेकडच्या बौद्धांची लेणी कशी असतील, हे कुतूहल त्या शिलालेखाने लहानपणीच लावून दिले. त्याचे उत्तर सुरखानदर्येची राजधानी तेर्मेझ येथे आहे. तिथल्या करातेपे टेकडीत कुषाणकाळात विहार कोरले गेले. आपल्याकडचा बेसॉल्ट कठीण, म्हणून खांबांपासून बाकांपर्यंत सारे एकाच दगडातून काढता येते; तिथला वालुकाश्म मऊ, त्यामुळे कोरलेल्या गुहांच्या पुढे कच्च्या विटांची अंगणे व खोल्या बांधलेल्या आहेत. अर्धे लेणे आणि अर्धी इमारत असा हा प्रकार मला प्रत्यक्ष पाहायचा आहे. जपानी संशोधक क्यूझो कातो नव्वदी ओलांडल्यावरही इथे उत्खननासाठी येत राहिले आणि २०१६ साली तेर्मेझमध्येच त्यांचे निधन झाले, हे वाचल्यापासून तर ही टेकडी अधिकच जवळची वाटू लागली आहे.

करातेपे सीमेलगत असल्यामुळे तेर्मेझला पोहोचल्यावर ऐनवेळी धावपळ करण्यापेक्षा स्थानिक मार्गदर्शकाला आमच्या पारपत्रांचे तपशील आधीच कळवून ठेवले आहेत. शेजारच्या फयाझतेपेचे तसे नाही. तिथे सहज जाता येते. १९६८ साली एका मेंढपाळामुळे उजेडात आलेल्या या विहारात मूळचा छोटा स्तूप नव्या घुमटाखाली जपलेला आहे. मात्र तिथे सापडलेली, बोधिवृक्षाखाली बसलेल्या बुद्धाची व दोन्ही बाजूंच्या भिक्षूंची सुंदर शिल्पाकृती ताश्कंदच्या इतिहास संग्रहालयात ठेवलेली आहे. त्यामुळे ताश्कंदला केवळ विमानतळ न मानता तिथे एक पूर्ण दिवस ठेवला. आधी मूर्ती आणि मग तिचे रिकामे घर, हा क्रम मला योग्य वाटतो. ताईला तो उलटा हवा होता, पण विमान ताश्कंदलाच उतरते.

ऋतूच्या बाबतीत मात्र वादाला जागा नव्हती. तेर्मेझ हे उझबेकिस्तानातील सर्वांत उष्ण शहरांपैकी एक आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि ‘अफगानेत्स’ नावाचा धुळीने भरलेला वारा सुटला की समोरचे काही दिसत नाही, असे सांगतात. आमची निवड एप्रिलच्या पूर्वार्धाची आहे, कारण तेव्हा बॉयसुनचे डोंगर हिरवे असतात. बॉयसुन हा प्रांताच्या उत्तरेकडील डोंगराळ भाग असून तिथल्या लोकपरंपरांना युनेस्कोने २००१ साली मान्यता दिली. याच परिसरातील तेशिकताश गुहेत १९३८ साली निअँडरथल मुलाचे अवशेष सापडले. गुहेपर्यंतची पायपीट ताईच्या गुडघ्यांना मानवणारी नाही, म्हणून ती यादीतून काढली आणि बॉयसुनचे दोन दिवस नुसते गावात राहण्यासाठी मोकळे ठेवले.

कागदपत्रांचे काम सोपे निघाले. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. हॉटेलवाले पाहुण्यांची नोंदणी स्वतःच करतात. खेड्यात कोणाच्या घरी उतरायचे असेल, तर यजमान ती करणार आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

जेवणाची काळजी मात्र होती, कारण ताई शाकाहारी आहे आणि सुरखानदर्येची ख्याती आर्चाच्या, म्हणजे डोंगरी जुनिपरच्या, डहाळ्यांसह तंदुरात भाजलेल्या मांसासाठी आहे. तंदुरी नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, सुकामेवा आणि दही यांवर तिचे निभावेल, असा हिशेब केला. टांगून पाणी काढलेल्या घट्ट दह्याला तिकडे ‘चक्का’ म्हणतात, हे कळल्यावर तिने भाजणीची पिशवी सामानातून बाहेर काढली. मी ती परत आत ठेवली आहे.

सर्वांत जास्त खल झाला तो कोणत्या मार्गाने जायचे यावर. ताश्कंदहून तेर्मेझला विमान आहे, पण जाताना आम्ही रात्रीची रेल्वे निवडली. पूर्वी ही गाडी तुर्कमेनिस्तानच्या हद्दीतून जात असे. २००७ मध्ये गुझारहून बॉयसुनमार्गे कुमकुर्गानपर्यंत डोंगरांतून नवा लोहमार्ग झाला आणि तो वळसा टळला. परतीलाही रेल्वेच घ्यावी, असे प्रथम ठरत होते. मग चिनी यात्रेकरू ह्यूएन त्संगची वाट नकाशावर लावून पाहिली. सातव्या शतकात समरकंदहून दक्षिणेकडे येताना तो ‘लोहद्वार’ नावाच्या अरुंद खिंडीतून उतरला, तेर्मेझला पोहोचला आणि तिथे सुमारे दहा विहार व हजारभर भिक्षू असल्याचे त्याने नोंदवले. पुढे हाच माणूस महाराष्ट्रातही आला आणि इथल्या लोकांच्या मानी स्वभावाविषयी लिहून गेला. बॉयसुनजवळच्या देरबेंत गावाच्या परिसरात ती खिंड आहे, आणि रात्रीच्या गाडीत झोपून ती ओलांडणे मला पटेना.

म्हणून परतीची रेल्वे रद्द केली. तेर्मेझमध्ये तीन रात्री, मग शेराबादमार्गे मोटारीने वर चढत सायरोबच्या प्रचंड जुन्या चिनार वृक्षांपाशी थांबा, बॉयसुनमध्ये दोन रात्री आणि तिथून सकाळी लवकर निघून देरबेंत व गुझारमार्गे समरकंद, असा क्रम आता पक्का आहे. समरकंदच्या वाट्याला त्यामुळे एकच रात्र येते आणि बुखारा पूर्णपणे वगळावे लागते. ज्यांना हे कळले त्या सर्वांनी हळहळ व्यक्त केली. चालकाला मात्र मी कळवले आहे की देरबेंतची खिंड भर उजेडात आली पाहिजे आणि तिथे गाडी किमान तासभर थांबली पाहिजे.