तेरड्याभोवतीचा उजेड

खानापूरच्या एका जोडप्याला नव्या घराच्या बैठकीत लावायला तेरड्याची चार फुटी प्रिंट हवी होती. आमच्याकडं गौर म्हणजे तेरडाच, म्हणून फूल ठरलेलं. नमुना म्हणून त्यांनी मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. फिल्टर लावलेला, फुलाभोवती दुधाळ धूसरपणा. छोट्या पडद्यावर असा फोटो गोड दिसतो. चार फुटांवर मात्र पाकळीची कडच सापडत नाही, फोटो हललाय असं वाटतं. धूसरपणाच्या पोटात एक धारदार फोटो असावाच लागतो.

कॅनडाच्या मायकल ऑर्टन यांनी १९८०च्या दशकात हे स्लाईडवर, म्हणजे पारदर्शक फिल्मवर, साधलं. दोन्ही स्लाईड मुद्दाम जास्त प्रकाश देऊन घ्यायच्या, एक स्पष्ट आणि दुसरी फोकसबाहेरची, आणि एकावर एक ठेवायच्या. आता कॅमेऱ्यातच मल्टिपल एक्स्पोजर असतं, म्हणजे दोन फोटो एकाच चौकटीत एकावर एक घेता येतात. पहिला फोटो एफ ११ वर, म्हणजे भिंगाचं छिद्र लहान ठेवून, शिरा दिसतील असा. दुसरा फोकस सोडून एफ २.८ वर, म्हणजे मोठ्या छिद्रातून, कारण लहान छिद्रातून धूसरपणा पुरेसा पसरत नाही.

भाद्रपद लागला होता. जांबोटीच्या रस्त्याकडेला तेरडा नुसता माजलेला, पाऊस नुकताच थांबलेला, ऊन फुलांच्या मागून. ट्रायपॉड लावला, पण तेरड्याचा देठ पाणीदार, झुळूक आली की डुलतो, आणि दोन फोटोंच्या मध्ये फूल हललं की सगळं वाया. त्यात मागं उजळ हिरवं गवत. कडा स्पष्ट येत होत्या, पण उजेड कुठं दिसेना.

शेताकडं निघालेल्या एक आजी थांबल्या. "काय करालायस रे बाळ?"

वारा थांबायची वाट बघतोय म्हटल्यावर त्यांनी आपली काळी छत्री उघडली आणि फुलांच्या मागं आडवी धरली. वारा अडला, हे झालंच. पण मी पडद्यावर बघितलं आणि अंगावर काटा आला. त्या काळ्या कापडावर प्रत्येक पाकळीच्या कडेनं गुलाबी उजेड पसरला होता. धूसर फोटोतला उजेड पसरतो तो सगळीकडंच. उजळ गवतावर तो मिसळून जातो, काळ्यावर उठून दिसतो. पुस्तकातलं हे वाक्य मला माहीत होतं, पण ते असं समोर उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

एक्स्पोजर एक स्टॉप उतरवलं, म्हणजे प्रकाश निम्मा केला. तेरड्याच्या गुलाबीत लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, सगळ्यांआधी फुटतो, जास्त प्रकाशानं सपाट होतो, आणि तो फुटला की शिरा गेल्या.

आजींना फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला.

"झ्याक हाय. पण ही गौर न्हवं रे. मुळं कुठं हाईत?"

गौर मुळासकट आणतात. त्यांनीच एक रोप उपटलं, डबक्यात खळबळून धुतलं आणि छत्रीसमोर धरलं. हातातलं रोप स्थिर राहत नाही, तिथं मल्टिपल एक्स्पोजर चालणार नव्हतं. एकच स्पष्ट फोटो घेतला आणि बाकीचं संगणकावर केलं. फोटोच्या थराची (लेयरची) प्रत, ती गॉशियन ब्लरनं धूसर केलेली, स्क्रीन मोडनं खालच्या फोटोत उजळ मिसळलेली, मग ओपॅसिटी, म्हणजे त्या थराचा ठळकपणा, निम्म्याहून खाली. मुळं, लाल माती आणि आजींची बोटं मास्क करून, म्हणजे त्या थरातून झाकून, वगळली. तिथं धूसरपणा घातला असता तर ते खोटं झालं असतं. उजेड ठेवला तो फुलांपुरता.

जोडप्यापुढं दोन्ही फोटो ठेवले. त्यांनी मुळांचा निवडला. प्रिंट मॅट कागदावर काढली, चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड पडतो आणि फुलाचा मरतो. गौर यायच्या आत ती भिंतीवर लागली. आजींनी मात्र स्वतःसाठी प्रत मागितली ती साधी, कसलाही उजेड न घातलेली, आणि मी ती तशीच दिली.