तुम्ही विचारलंत म्हणून: छत्री लहान कधी करायची?

दर दोन-तीन शनिवारांनी कुणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच. मी गुडघ्यांवर बसून कॅनपीतली, म्हणजे पॅराशूटच्या कापडी छत्रीतली, उरलीसुरली हवा अंगाखाली दाबून काढत असते. नवं कापड तर शालूसारखं निसटतं, एक घडी धरली की दुसरी सुटते. तेवढ्यात समोर दोन बूट येऊन थांबतात. "ताई, माझ्या एकशेवीस झाल्या. आता १५० घेऊ का?"

एकशेवीस म्हणजे विमानातून मारलेल्या उड्या. १५० म्हणजे पॅराशूटच्या कापडाचं क्षेत्रफळ, चौरस फुटांत. विचारणारा बहुधा ठाण्याचा नाहीतर नाशिकचा, इथं दक्षिण कॅलिफोर्नियात नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यासारखाच पेरिसला उड्या मारायला येणारा. (हे पेरिस लॉस एंजेलिसच्या पलीकडचं, उन्हाचं आणि धुळीचं. सांगलीत आईनं वर्षभर गल्लीत सांगितलं होतं की मुलगी दर आठवड्याला पॅरिसला जाते. मीही दुरुस्त केलं नाही.) परवा पुन्हा असंच झालं आणि मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. ते बरं नाही, म्हणून हे लिहितेय.

लहान कॅनपीचा मोह खोटा नसतो. ती झपाट्यानं पुढं जाते, टॉगल (दोन्ही हातांतल्या दोऱ्यांच्या मुठी; एक ओढली की वळण, दोन्ही ओढल्या की ब्रेक) ओढला की लगेच वळते, पाठीवरचं बोचकं आटोपशीर होतं. माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या माणसाला तर खरंच कारण असतं. माझं वजन ५२ किलो. शिकताना मला २१० ची दिली होती. दुपारचं वारं सुटलं की तिच्याखाली मी पतंगासारखी लटकून राहायची. तोंड मैदानाकडे आणि सरकायची उलटी, पार्किंगकडे. तेव्हा लहान व्हायलाच हवं होतं.

पण किती? इथं सगळे एका आकड्याच्या मागे असतात: विंग लोडिंग. विमानातून बाहेर पडताना तुमचं कपडे, हेल्मेट, पाठीवरचं सामान धरून जे वजन होईल, ते पाउंडांत घ्यायचं आणि कॅनपीच्या चौरस फुटांनी भागायचं. माझे ५२ आणि सामान १२, मिळून ६४ किलो, म्हणजे १४१ पाउंड. २१० खाली लोडिंग ०.६७, १७० खाली ०.८३. एक ठोकताळा सगळ्यांना पाठ असतो: पहिल्या शंभर उड्यांपर्यंत १.०, पुढच्या प्रत्येक शंभराला ०.१ वाढवा. ७८ किलोच्या मुलाला तो बरा लागू पडतो. सामानासकट त्याचे १९८ पाउंड होतात, म्हणजे शंभरीच्या आसपास तो १९० वर असतो. मला लावला तर शंभर उड्या जेमतेम झाल्यावर तो मला १३५ खाली नेऊन टांगतो. लहान कॅनपीच्या दोऱ्या आखूड असतात. तेवढंच लोडिंग असूनही ती चटकन वळते आणि वळताना चटकन खाली जाते. म्हणून जाणकार लोक हलक्या माणसांसाठी आकडा खाली आणतात. तरी "तू हलकी आहेस, तुला १३५ सहज चालेल" हे मला निदान दहा जणांनी सांगितलंय. दहाही जण नव्वद किलोच्या वरचे.

आणि वेगाचं म्हणाल, तर तो लोडिंगच्या वर्गमुळानं वाढतो. एकदम १९० वरून १५० वर गेलात तर साडेबारा टक्के. ऐकायला काहीच नाही. पण आपटलात तर हाडांना जी ऊर्जा पचवावी लागते ती वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे सव्वापटीहून जास्त. शिवाय विचार करायला वेळ कमी, आणि चुका मात्र पूर्वीच्याच.

आमच्या लहानपणी कपडे वाढत्या अंगाचे घ्यायचे. जूनमध्ये घेतलेला फ्रॉक पुढच्या जूनमध्ये नीट बसायचा, तोवर बाह्या दुमडायच्या. इथं त्याच हिशेबानं लोक वाढत्या हिमतीची छत्री घेतात, फक्त उलटी: आत्ता झेपणार नाही एवढी लहान. "पुन्हा पुन्हा पैसे कशाला घालायचे? वर्षभरात हात बसेलच." बाह्या दुमडता येतात, कॅनपीला दुमड घालता येत नाही. त्यातही एक गोष्ट विकणारा सहसा आपण होऊन सांगत नाही. पाठीवरच्या कंटेनरमध्ये ठरावीक मापाचीच कॅनपी बसते, आणि कंटेनर लहान घेतलात की त्यात बसणारी राखीव छत्रीही लहान होते. तुम्ही हवेत कुणावर आदळून बेशुद्ध झालात, तर सायप्रेससारखं यंत्र सुमारे ७५० फुटांवर राखीव उघडून देईल. उतरताना ब्रेक ओढायला मात्र कुणी नसेल. राखीव घेताना तेवढं एक दृश्य डोळ्यांसमोर आणा, मग पैसे वाचवा.

आता माझी गोष्ट, कारण हे शहाणपण मला आधीपासून नव्हतं.

तेव्हा माझ्या दीडशेच्या आसपास झाल्या होत्या, १७० वर. मैदान दुसरंच होतं. सकाळीच एकाला सांगून ठेवलं होतं, तुझी १५० मला दाखव, संध्याकाळी घेऊन बघते. तिसऱ्या उडीला शेवटच्या टप्प्यात सरळ उतरत होते, जमीन दोन मजली घराएवढी खाली, आणि डावीकडून एक निळी कॅनपी माझ्या वाटेत आडवी येताना दिसली. मी तिच्याकडेच बघत राहिले आणि उजवा टॉगल छातीपर्यंत खेचला. विचार असा नव्हताच, हातच गेला. कॅनपीचं नाक खाली गेलं, मैदान एका बाजूला कललं, आणि गवताची एकेक काडी वेगळी दिसायला लागली. दुसरा हात ओढला तोवर कॅनपी अर्धवट सावरली होती. उजव्या कुशीवर पडले, मनगट अंगाखाली. हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. निळी कॅनपीवाला तीस मीटरवर व्यवस्थित उतरला आणि धावत आला. त्याची चूक नव्हती. जागा दोघांना पुरेल एवढी होती, घाबरले मी.

पॅराशूट ठणठणीत उघडलेलं होतं. या खेळातले कितीतरी जीवघेणे अपघात असेच असतात: बिघाड काही नाही, शेवटच्या शंभर फुटांत एक घाईचं वळण. आईला अजून वाटतं की धोका छत्री न उघडण्याचा आहे. प्लास्टरमधला हात तिला व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा पहिला प्रश्न आला, "उघडली नाही का गं?" उघडली होती म्हटल्यावर ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग मोठी घे की."

त्या सहा आठवड्यांत मी तो क्षण शंभरदा चाळला. वळण १७० नं आळसावून घेतलं, म्हणून मला दुसरा हात ओढायला अर्धा सेकंद मिळाला. सकाळीच १५० घेतली असती तर तो अर्धा सेकंद कुठून आला असता? आणि लाजेची गोष्ट अशी की अशा वेळी काय करायचं ते मला शिकवलेलं होतं. दोन्ही टॉगल अर्धे ओढून धरायचे आणि ज्या बाजूला वळायचं तिच्या विरुद्ध बाजूचा हात थोडा वर सोडायचा. कॅनपी नाक न झुकवता सपाट वळते, उंची फार जात नाही. मी ते दोनदा केलं होतं, तीन हजार फुटांवर, लॉगबुकात सही मिळावी म्हणून.

प्लास्टर निघाल्यावर त्याच १७० वर नव्वद उड्या केल्या. त्यातल्या चाळीस तर नुसत्या पाच हजार फुटांवर बाहेर पडून लगेच कॅनपी उघडण्याच्या. मित्रमंडळी तेरा हजारांवरून आकृत्या जुळवायला जायची, आणि मी दार उघडल्या उघडल्या एकटीच बाहेर, वरातीतून मध्येच उतरल्यासारखी. सपाट वळण हाताला आपोआप येईस्तोवर घोटलं. वारा अजिबात नसताना उतरले, आडव्या वाऱ्यात उतरले, ब्रेक अर्धे धरून उतरले. टॉगलची दोरी तुटली तर काय, म्हणून मागच्या रायझरवर (दोऱ्या खांद्यांशी जोडणाऱ्या पट्ट्यांवर) कॅनपी किती ओढली की कोसळते ते वर उंचीवर पाहून ठेवलं. मोठ्या कॅनपीवर कंटाळा येतो म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की यातलं किती करून कंटाळलात.

तर, विचारणाऱ्या मुलाला मी उलट विचारते. पन्नास फुटांवर कुणी आडवं आलं तर तुझे हात काय करतील? करून पाहिलंयस की ऐकलंयस? गेल्या दहांपैकी किती वेळा ठरवलेल्या जागेच्या दहा मीटरच्या आत, पायांवर? "साधारण बऱ्याचदा" असं उत्तर आलं की प्रश्न संपला.

होकार आला तर मात्र घ्या, खुशाल घ्या. एकच माप खाली, मधलं न गाळता, आणि कॅनपीचा प्रकार तोच. माप आणि प्रकार एकदम बदलू नका. मी १५० घेतली तेव्हा पहिली उडी रविवारी सकाळच्या पहिल्या विमानातून, एकटीनं. उंचावरच उघडून वरती पाच-सहा वेळा ब्रेक ओढून पाहिले, मग मैदानाच्या सगळ्यांत मोकळ्या कोपऱ्यात उतरले. जुनी १७० लगेच विकली नाही. चार महिने सांगलीला राहून परतले तेव्हा पहिल्या उड्या तिच्यावरच केल्या. कोलोरॅडोतल्या लाँगमाँटला गेले तेव्हाही तिलाच नेलं. तिथलं मैदानच समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर, हवा विरळ, त्यामुळे तीच कॅनपी जमिनीशी जास्त वेगात येते. कॅनपी मोठी करण्याबद्दल आजवर मला कुणीही विचारलेलं नाही. (काकू विचारतात ते वेगळंच. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हापासून "तू कधी?" मला मात्र एवढंच कुतूहल आहे की उतरताना साडी कशी सांभाळली.)

परवाच्या त्या मुलाला शेवटी सांगितलं, सलग दहा वेळा उतर, मी खालून व्हिडिओ काढते. दहा चांगल्या झाल्या की तुझ्यासाठी १७० मीच शोधते. हो, १७०, तो सध्या १९० वर आहे आणि त्याला थेट १५० हवी होती. काल पाच झाल्या. चार खरंच सुंदर होत्या. पाचव्यात वारा पडला, त्यानं ब्रेक जरा लवकर ओढले, आणि तो सरळ बुडावर बसून चांगला पाच-सात फूट धुळीतून घसरत आला. व्हिडिओत धूळ खाली बसते, मागे त्याची कॅनपी हळूहळू पडते, आणि तो तसाच बसल्या बसल्या माझ्याकडे वळून विचारतो, "ताई, ही धरायची का?"