आमची वाटचाल : भोसरीच्या गाळ्यातून स्पा ट्रॅकच्या पिट लेनमध्ये

भोसरीत वडिलांचा फायबरग्लासचा गाळा होता. टेम्पोचे मडगार्ड, कूलरच्या टाक्या, मंडपाच्या कमानी, जे येईल ते काम घ्यायचे. शाळा सुटली की मी तिथे साच्यांना मेण लावत बसायचो. घरी आलो की आई दारातच अडवायची. काचेची कुसळं अंगावर घेऊन आलेल्याला ती गादीवर टेकू द्यायची नाही.

2004 मध्ये मोटरस्पोर्ट इंजिनिअरिंग शिकायला इंग्लंडला आलो, इथेच नोकरीला लागलो, आणि 2009 च्या मंदीत ती गेली. मग रेसिंग गाड्यांचे कार्बन फायबरचे भाग करायला सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकपासून वीस मिनिटांवर गाळा भाड्याने घेतला. मी, बायको आणि एक जुना ओव्हन. हिशेब तेव्हा बायको बघायची, आजही तीच बघते.

आम्ही फॉर्म्युला वनची कामं करतो, असं पुण्यातल्या नातेवाइकांना अजून वाटतं. आमचं घर चाललंय ते जीटी रेसिंगवर. रस्त्यावरच्या पोर्श, फेरारी, लॅम्बोर्गिनीच्या रेसिंग भावंडांवर. युरोपात हा खेळ नव्याने उभा केला तो 1994 मध्ये तिघांनी: युर्गन बार्थ, पॅट्रिक पीटर आणि स्टेफान रातेल. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन मालिकेला बीपीआर म्हणायचे. 1997 मध्ये एफआयए या जागतिक मोटर रेसिंग संघटनेच्या छत्राखाली तिची एफआयए जीटी चॅम्पियनशिप झाली आणि कारखाने पैसा ओतू लागले. 1998 मध्ये सगळ्यात वरच्या, जीटी1 श्रेणीत मर्सिडीजने दहाच्या दहा शर्यती जिंकल्या. हरायला कोण पैसे खर्च करणार? पुढच्या वर्षी ती वरची श्रेणीच उरली नाही.

रातेलने यातून जो धडा घेतला, त्यावर आज आमच्यासारख्या शेकडो गाळ्यांचं भाडं निघतं. 2006 मध्ये त्याने जीटी3 सुरू केली. गाडी कारखान्याने बनवायची, पण विकायची खासगी संघांना. जी जास्त पळते तिच्यावर वजन चढवायचं, इंजिनाच्या हवेला लगाम लावायचा, म्हणजे सगळ्या जवळपास एका वेगात येतात. शुद्ध रेसिंगवाले याला नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. गाड्या सारख्या, म्हणून रांगेत गाड्या जास्त. त्यात हौशी मालक स्वतः स्टिअरिंगवर, म्हणून ठोकाठोकी जास्त. आमची भवानी अशाच एका हौशी गृहस्थाच्या फुटलेल्या बंपरने झाली. (देव त्यांना दीर्घायुष्य देवो, आणि ब्रेक जरा उशिराच लावायची बुद्धी.)

एकदा मात्र हाव सुटली. 2010 मध्ये जीटी1 जागतिक मालिका निघाली: सहा कंपन्या, बारा संघ, चोवीस गाड्या, सुरुवात थेट अबू धाबीला. एका संघाने मोठी ऑर्डर दिली. कर्ज काढून साचे केले, माल पाठवला, आणि हंगाम संपला तसा तो संघ फोन उचलेनासा झाला. ते बिल अजून बायकोच्या फाइलमध्ये आहे. मालिकाही टिकली नाही. 2012 ला तिनेही जीटी3 गाड्याच घेतल्या आणि त्याच वर्षी आटोपली. तेव्हापासून आगाऊ रक्कम आल्याशिवाय आमच्याकडे कार्बनच्या कापडाला कात्री लागत नाही.

जीटी3 मध्ये नवे भाग विकायचा आमचा बेतही फसलाच. गाडीचा प्रत्येक भाग कारखान्याने नोंदवलेला असतो. मी हुबेहूब आणि निम्म्या किमतीत स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची पट्टी) केला, तरी तो गाडीला लावता येत नाही. मूळ भाग मूळ आकारात दुरुस्त करायला मात्र वाव असतो. म्हणून आम्ही दुरुस्तीवाले झालो.

मडकं घेताना बोटाने वाजवून बघतात, तसा कार्बनचा भाग आम्ही नाण्याने वाजवतो. धड असेल तर टणटण. आतले थर सुटले असतील तर आवाज बसका येतो, वरचा रंग कितीही चकचकीत असो. माझ्याकडे त्यासाठी जुनं रुपयाचं नाणं आहे. बसक्या आवाजाभोवती पेन्सिलने रेघ मारायची, पायऱ्या पाडत एकेक थर घासायचा, आणि मग प्रत्येक नवा थर खालच्यापेक्षा थोडा मोठा कापून बसवायचा. वर थर दाबून धरायला व्हॅक्यूम बॅग, त्यावर थर चिकटवणारं रेझिन आवळायला गरम ब्लँकेट.

2011 मध्ये लांब पल्ल्याच्या शर्यतींची ब्लांपां एन्ड्युरन्स मालिका निघाली आणि बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवरची, 1924 पासूनची 24 तासांची शर्यत तिचा मुकुटमणी झाली. (मालिकेचं नाव 2020 पासून जीटी वर्ल्ड चॅलेंज युरोप.) एकाच शर्यतीत साठ-सत्तर गाड्या! आम्ही व्हॅनमध्ये सामान भरून तिथे जायला लागलो. कोविडमुळे 2020 ची शर्यत ऑक्टोबरअखेरीला गेली. आर्डेनच्या थंडीत रेझिन आवळेना, ब्लँकेटची वायर जळलेली, आणि नेमकी त्याच रात्री युरोपची घड्याळं तासभर मागे गेली. दोन वाजता देतो म्हणालो, त्या दोन वाजता दिलं. कोणते दोन, ते संघाने विचारलं नाही.

2021 पासून ब्रेक्झिटचे नियम लागू झाले. शेंगेन व्हिसाच्या रांगा मला सवयीच्या होत्या. आता माझे इंग्रज कारागीरही युरोपातले दिवस बोटांवर मोजतात, याचं मला थोडं हसू येतं. व्हॅनमधल्या प्रत्येक हत्याराची कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या नेलेल्या मालाच्या कस्टम्सच्या कागदावर, नोंद लागते: नग, वजन, किंमत. सँडर चार, रोलर सहा, कात्र्या पाच. जर्मनीतल्या दोन संघांनी त्या कागदांना कंटाळून काम तिकडेच द्यायला सुरुवात केली. त्या वर्षी एक माणूस कमी करावा लागला. आता आम्ही सात जण आहोत.

मागे फ्रान्सच्या कॅले बंदरात कस्टम्सच्या एका अधिकाऱ्याने सगळी पेटी उपसली. यादीशी एकेक नग जुळवत गेला आणि शेवटी ते रुपयाचं नाणं चिमटीत धरून म्हणाला, हे यादीत नाही. मी म्हटलं, हे हत्यार आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, नाण्याकडे पाहिलं, आणि पेटीत टाकून झाकण लावलं.