फुकटचं ऊन

मे महिन्यात दुपारी बारा ते चार आमच्या गावात कोणी कोणाकडे जात नाही. कुत्रीसुद्धा हापशीजवळच्या चिखलात पोट टेकून पडतात. अशा वेळी मोठेबाबा ओसरीवर, कूलरच्या तोंडासमोर बाज टाकून, रोज एकच प्रश्न विचारतात. "काल चंद्रपूरले किती होतं?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला चंद्रपूरशी काय करायचं, हे विदर्भाबाहेरच्यांनी विचारू नये. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा यांची उन्हाळाभर शर्यत चालते आणि आम्ही ती मॅचसारखी बघतो. आपल्याकडं पंचेचाळीस असलं तरी चंद्रपूर सत्तेचाळीसवर आहे म्हटलं की जरा गार वाटतं.

परवा मी मोबाइल उघडला. मथळा होता, विदर्भ होरपळला, सर्वाधिक तापमान कुठे? बोट लावलं. दोन ओळी नीट दिसल्या, तिसरी फिकट, चौथी धुक्यात गेलेली आणि खाली पट्टी. पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा.

"वाच ना बाप्पा."

"पैसे मागून राह्यला."

"कायचे?"

"बातमीचे."

मोठेबाबांनी अंगणातल्या पांढऱ्या उजेडाकडं पाहिलं. "ऊन फुकट, अन् उनाच्या बातमीले पैसे?"

एके काळी आमच्या घरी पेपर यायचा. साडेदहाच्या यष्टीनं. कंडक्टर फाट्यावर गठ्ठा भिरकावायचा आणि गाडी नीट थांबायचीही नाही. पैसे मोठेबाबा भरत, म्हणून घडी मोडायचा मान त्यांचा. आधी कोणी उघडलेला पेपर त्यांना शिळा वाटे. ही खोड माझ्यातही उतरली आहे, आणि मोबाइलवर मोडायला घडीच नसते ही माझी खरी तक्रार आहे. पण ते राहू द्या.

मोठेबाबांचं झालं की पेपरची पानं सुटी होत. एक पान बाजारभावासाठी शेजारच्या काकांकडं, एक मास्तरीणबाईंकडं राशिभविष्यासाठी. ते परत येई तेव्हा त्यात हमखास एक चौकोनी खिडकी असे, कारण बाईंना पाककृती कापून ठेवायचा नाद. आजीला वाचता येत नव्हतं. ती मला समोर बसवून म्हणायची, "कोन गेलं ते पाह्य." मी निधनवार्ता वाचायचो, ती आडनावावरून गाव काढायची आणि गावावरून नातं. आमच्या लांबच्या एक-दोन सोयऱ्यांशी माझी पहिली ओळख अशी झाली. संध्याकाळी उरलासुरला पेपर पारावर. एका पेपरात तीस-चाळीस माणसं सहज भागत.

तिथंही तो संपत नसे. महिन्यानं रद्दी किराणा दुकानात जाई आणि शेवेची पुडी होऊन परत घरी येई. पुडी उलगडून वाचायची माझी सवय तेव्हाची. "नुकसानग्रस्त शेतकऱ्यांना हेक्टरी" इथवर यायचं आणि कागद फाटलेला. पुढचा आकडा दुसऱ्या कोणाच्या तरी शेंगदाण्याबरोबर गेलेला असायचा. तेव्हा परवा ती चौथी ओळ धुक्यात गेली, त्याचं मला तरी फार नवल वाटलं नाही.

कोरोनात पेपर बंद झाला, तो आमच्या फाट्यावर पुन्हा आलाच नाही. चार घरांसाठी गठ्ठा कोण टाकणार!

मला खटकला तो शब्द. वर्गणी. आमच्याकडं वर्गणी सप्ताहाची असते, दुर्गादेवीची असते, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची असते. पोट्टे पावतीबुक घेऊन दारोदार फिरतात, मग भोंग्यावरून नावं वाचली जातात. कोणाचे अकरा, कोणाचे एकशे एक, आणि कोणाचं नाव येतच नाही. पण काल्याच्या दिवशी पंगत बसली की पत्रावळ सगळ्यांपुढं पडते. तुझी पावती कुठाय, असं वाढपी विचारत नाही.

न्यूयॉर्क टाइम्सनं २०११ मध्ये वेबसाइटवरच्या बातम्यांपुढं अशीच पैशांची भिंत घातली तेव्हा महिन्याला वीस लेख फुकट होते, पुढच्याच वर्षी दहा झाले. त्यांचं बरं चाललं आहे म्हणतात. लंडनच्या गार्डियननं मात्र वेबसाइटवर भिंत न घालता खाली पावतीबुक ठेवलं. जमेल त्यानं द्या, वाचा सगळे. हे वाचलं तेव्हा मला थेट आमच्या गावची पंगत दिसली. इंग्रजांच्या मुलखात!

पण पंगतीसाठीही कोणाला तरी पैसे भरावे लागतातच. मूकनायक १९२० मध्ये निघालं तेव्हा शाहू महाराजांनी बाबासाहेबांना अडीच हजार रुपये दिले होते. ते ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यापाशी वर्गणीला पैसा नव्हता, आणि तीनेक वर्षांत ते बंद पडलं. आमचा साडेदहाचा पेपरही मोठेबाबांच्या तीन-चार रुपयांवर थोडाच निघत होता? मृगाच्या तोंडावर पहिलं पान उघडलं की अख्खं पान कपाशीच्या बियाण्याची जाहिरात. टपोरी बोंडं, हसणारा शेतकरी. एका वर्षी आमच्या वावरात ते बियाणं उगवलंच नाही. गावात अजून दहा-बारा जणांचं तेच झालं. मोठेबाबा महिनाभर रोज पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचत होते. बातमी आली नाही. जाहिरात पुढच्या वर्षी पुन्हा आली, तोच शेतकरी, तसाच हसत.

हे आठवलं आणि पट्टीवर बोट ठेवावं असं मनात आलं. महिन्याचे नव्याण्णव. तेवढ्यात लाइन गेली, कूलर घरघरत थांबला आणि बाजेवरून पुन्हा आवाज आला.

"मंग? किती होतं चंद्रपूरले?"

"सत्तेचाळीस," मी ठोकून दिलं.

"पाह्य," मोठेबाबा कूस बदलत म्हणाले, "आपलं लय बरं हाये."