आंब्यानंतरचे पीच

क्रॉफर्ड मार्केटात हिमाचलचे पीच आलेत, लालसर गालांचे. आंबा संपत आल्याची हुरहूर असतानाच हे फळ येतं, म्हणून मला ते जास्तच प्रिय आहे. आज अर्धे कापून, बिया काढून काचेच्या भांड्यात मांडले. वर गव्हाचं पीठ, लोणी, गूळ पावडर आणि चिमूटभर सुंठ बोटांनी चुरून भुरभुरली. लोणी फ्रिजमधलं थंडगारच हवं, नाहीतर चुरा न होता गोळा होतो. मग ओव्हनमध्ये १८० अंशांवर अर्धा तास. कडेने गुलाबी रस बुडबुडायला लागला की झालं. साल मात्र काढू नका हं, तो सुंदर रंग सालीतूनच उतरतो! सासूबाईंनी वर साय घालून गरमागरम खाल्लं आणि लगेच दुसरी वाटी पुढे केली. केवढा आनंद झाला मला!