रस्त्यात घाला, पण कुठल्या थरात?

हल्ली कुठलाही टाकाऊ माल दिसला की कोणीतरी पटकन म्हणतंच, रस्त्यात घाला की! राख घाला, स्लॅग (धातूच्या भट्टीत उरणारी मळी) घाला, जुने टायर घाला, प्लॅस्टिक घाला. रस्त्याला माल लागतो प्रचंड आणि कारखान्यांकडे ढीग पडलेले असतात, त्यामुळे कल्पनेत खोट काहीच नाही. मी फक्त आधी एकच विचारतो, कुठल्या थरात?

कारण चाकाचा भार वर एकवटलेला असतो आणि खाली जाताना पसरत जातो, म्हणजे वरच्या डांबरी थराला कडक, झिजेला टिकणारी खडी लागते पण सबबेस (खालचा आधाराचा थर) आणि सबग्रेड (त्याखालची दाबलेली जमीन) यांचं थोड्या कमी दमाच्या मालावरही भागतं, म्हणून बहुतेक टाकाऊ मालाची खरी जागा खाली आहे. पण खाली पाणी येतं. आणि पाण्यात माल कसा वागतो यावरच बऱ्याचदा सगळं ठरतं. माल किती भार पेलेल हे बघणाऱ्या सीबीआर टेस्टमध्ये नमुना चार दिवस पाण्यात बुडवून मग त्यावर ५० मिमी व्यासाचा प्लंजर दाबतात ते काही उगाच नाही, कोरडा असताना दगडासारखा वाटणारा नमुना भिजल्यावर अगदीच ढिला पडलेला अनेकांनी पाहिलाय.

फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रातली बारीक राख, त्यातल्या त्यात गुणी. वजनाला मातीपेक्षा हलकी, त्यामुळे खाली दलदलीची जमीन असेल तर भरावाचं ओझं कमी होतं, चुना नाहीतर सिमेंट मिळालं की हळूहळू घट्टही होते. पण नुसती राख म्हणजे चिकटपणा शून्य, कोरडी असली की उडते, पावसाचं पाणी उतारावरून वाहिलं की घळी पडतात, म्हणून भरावाच्या दोन्ही बाजूंना चांगल्या मातीचं कवच द्यायचंच. हे कवच वाचवायला गेलं की पहिल्याच पावसात भराव सुटतो आणि दोष मात्र राखेच्या माथी.

स्लॅगचं प्रकरण जरा वेगळं आहे आणि इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. ब्लास्ट फर्नेसचा, म्हणजे खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीचा स्लॅग आणि स्टील बनवताना निघणारा स्लॅग हे दोन वेगळे माल आहेत. पहिला पाण्याने झटकन थंड केला की काचेसारखा होतो, दळला की सिमेंटच्या जोडीला उत्तम. दुसरा जड, टोकदार आणि कणखर, खडी म्हणून बघितला तर जीव जडावा असा, पण त्याच्या पोटात मोकळा चुना आणि मॅग्नेशिया राहिलेला असतो आणि तो पाणी प्यायला की फुगतो. म्हणून तो महिनोन्महिने उघड्यावर ठेवून, पाणी मारून मुरवतात. मुरला की नाही हे नजरेने कळत नाही हो. लॅबमध्ये दाबून भरलेला साचा ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात निदान आठवडाभर ठेवायचा आणि वर लावलेल्या, फुगवटा मोजणाऱ्या डायल गेजचा काटा रोज वाचायचा, काटा सरकतच राहिला तर माल अजून कच्चा. २०२२ साली सुरतजवळ हजिऱ्याला स्टील स्लॅगचा रस्ता झाला त्याची बातमी सगळ्यांनी शेअर केली, पण तो स्लॅग प्रक्रिया केलेला होता हा शब्द वाचताना बऱ्याच जणांनी गाळला. ढिगावरून उचलला आणि पसरला असं ते नव्हतं.

अजून एक गोष्ट, चुना आणि सल्फेट. चिकणमातीत चुना घातला की ती सुधारते हे बरोबर, पण मातीत किंवा मिसळलेल्या मालात जिप्समसारखं सल्फेट असेल तर चुना, मातीतलं ॲल्युमिना, सल्फेट आणि पाणी मिळून एट्रिंगाइट नावाच्या फुगणाऱ्या खनिजाचे स्फटिक तयार होतात आणि थरच वर उचलला जातो. लास व्हेगासमधल्या स्टीवर्ट अव्हेन्यूवर हेच झालं होतं, तिथे सल्फेट मातीतलंच होतं, आणि १९८६ साली अमेरिकेतले मृदा-अभियंता जेम्स मिचेल यांनी ते मांडल्यावर जगभरच्या इंजिनिअरांचे डोळे उघडले. त्यामुळे खत कारखान्यातलं जिप्सम फुकट मिळतंय म्हणून चुन्याच्या थरात घालू, असं कोणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

स्थानिक मालाबद्दल मात्र उलटी तक्रार आहे, त्याला उगाच नाकारलं जातं. बांगलादेशात दगड कमी म्हणून भाजलेल्या विटा फोडून खडी करतात, प्रशांत महासागरातल्या बेटांवर प्रवाळ फोडून विमानाच्या धावपट्ट्या झाल्या, आफ्रिकेत कमी वर्दळीच्या रस्त्यांखाली जांभ्याचा मुरूम बेस म्हणून वर्षानुवर्षं चाललाय. स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाही म्हणून जवळचा मुरूम सोडायचा आणि लांबून खडी आणायची, यात डिझेल जळतं ते वेगळंच आणि डंपर ज्या रस्त्यावरून धावतात तोही खराब होतो. थोडा चुना नाहीतर राख मिसळून जवळचाच माल सुधारता येतो का हे आधी बघावं. आणि टाकाऊ मालालाही हाच नियम, लांबून आणला की फुकटचा माल फुकट राहत नाही.

लॅबमध्ये सगळं छान येतं, खरी परीक्षा मिक्सिंगची. माती आणि चुना घुसळणारा रोटाव्हेटर फिरला की वरून सगळं एकसारखं दिसतं. छोटा खड्डा घ्या आणि कडेवर फिनॉल्फ्थॅलीन (चुना दाखवणारं रंगसूचक द्रावण) फवारा, चुना पोचलाय तिथे झटकन गुलाबी होतं. वर गुलाबी आणि खाली मातकट पट्टा दिसला की समजायचं, पाती तळापर्यंत गेलीच नाहीत, आणि रोलर यायच्या आत पुन्हा फिरवायचं कारण एकदा दबाई झाली की काही करता येत नाही.

वरच्या थराबद्दल थोडक्यात. टायरचा चुरा डांबरात मिसळायचं काम ॲरिझोनात इंजिनिअर चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी १९६० च्या दशकात सुरू केलं, ते जुनं आणि तावून सुलाखून निघालेलं तंत्र आहे. प्लॅस्टिकचं मदुराईच्या वासुदेवन सरांचं (रसायनशास्त्राचे प्राध्यापक) तंत्र म्हणजे गरम खडीवर प्लॅस्टिकच्या चुऱ्याचा लेप आणि मग डांबर, त्यात पीव्हीसी अजिबात चालत नाही कारण तापल्यावर विषारी वायू सुटतो. म्हणजे इथेही वर्गीकरण आलंच, गोळा केला आणि ओतला असं नाही.

आणि कुठल्या किलोमीटरला कुठला माल किती खोलीवर घातलाय हे लिहून ठेवायला कोणी तयार नसतं, याचा मला खरंच राग येतो. स्लॅगमधून झिरपणाऱ्या चुन्याने ड्रेनचे पाइप पांढऱ्या थराने बुजतात, तेव्हा साफ करणाऱ्याला हे येतंय कुठून ते कळत नाही. वीस वर्षांनी तोच रस्ता उकरून त्याचा माल पुन्हा वापरायचा झाला तर त्या माणसाने पहिल्यापासून सगळ्या टेस्ट परत करायच्या का?