मोकळी रेती

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ उद्यानात रेतीच्या टेकाडांवर तण काढायचं काम मी केलंय. त्यातला हिवाळ्यातला एक दिवस अजून मनातून जात नाही. आमच्या प्रमुख बाईंनी त्या दिवशी मला ल्युपिनची झुडपं उपटायला सांगितली.

आइसप्लांट नावाचं तण उपटताना माझा हात कधी अडला नव्हता. ते दक्षिण आफ्रिकेतलं, इथे रेती धरून ठेवायला लावलेलं आणि आता सगळं गिळत सुटलेलं. पण ल्युपिन इथलंच की! मी वेंगुर्ल्याची. मर्यादवेल रेती धरून ठेवते म्हणून तिच्यावर पाय पडला तरी आजी ओरडायची. मी विचारलं, "इथलंच झाड का काढायचं?" बाई गुडघे टेकून बसल्या आणि झुडपाखालचा पाचोळा हाताने सारला. खाली काळपट, मुळांनी विणलेला थर. म्हणाल्या, "यात लेसिंजिया कुठे रुजणार, सांग."

लेसिंजिया जर्मानोरम, इथलं एक छोटं रानफूल. वनस्पतिशास्त्रज्ञ शामिसो 1816 मध्ये जहाजाने या खाडीत आला होता, त्यानेच पुढे हे नाव दिलं. तेव्हा इथे मैलोन्‌मैल वाळू होती. आता तिच्यावर शहर बसलंय. हे फूल उरलंय प्रेसिडिओत आणि सॅन ब्रूनो डोंगराजवळ. 1997 पासून ते संकटग्रस्त वनस्पतींच्या सरकारी यादीत आहे. झाड वर्षायू, म्हणजे दरसाल मरणार. सगळी भिस्त बियांवर. आणि त्या बीला लागते उघडी, हलती रेती. कुंपण घालून नुसतं जपत बसलो, तर झुडपांच्या सावलीत ते गुदमरतं.

दिवसभर उपटत राहिले. संध्याकाळी ते उघडंबोडकं टेकाड बघून पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू.

ऑक्टोबरात लेसिंजियाच्या मोजणीला तिथेच गेले. धुकं होतं, आजूबाजूचं गवत केव्हाच वाळलेलं. मोजणीची चौकट ठेवायला वाकले तर पिवळं दिसलं. वीतभर उंचीची, पांढुरक्या लवेची रोपं. पोटावर पालथी पडून फूल बघितलं. पाकळ्या वाटतात ती खरं तर कडेची मोठी पुष्पकं, म्हणजे प्रत्येक एक वेगळं फूलच, मधोमध तपकिरी झाक. घुशीसारखा एक प्राणी तिथे बिळं करतो, गोफर. त्याने उकरलेल्या ढिगाऱ्यावर तर सगळ्यात दाट.

मोजायला सुरुवात केली आणि मधेच आकडा चुकला, कारण डोळे भरून आले होते. पुन्हा एकपासून मोजलं.